महिला सरपंचामुळे गावात फरक पडला का, हे तपासायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राज्यशास्त्राच्या एम.ए.साठी ‘पंचायतींतलं महिला आरक्षण आणि प्रतिनिधित्व’ या विषयावर तुम्ही प्रबंधिका लिहिताय. दोन तालुक्यांतली दहा-बारा गावं घ्यायची आणि महिला सरपंच असलेल्या गावांची पुरुष सरपंच असलेल्या गावांशी तुलना करायची, असा बेत आहे. पहिल्याच गावात सगळा कारभार सरपंचबाईंचे यजमान बघताना दिसले. त्यामुळे आता तुम्ही विचारताय, ‘बहुतेक जणी नामधारीच असतील, तर मोजायचं काय? की विषयच बदलू?’

विषय बदलू नका. स्थानिक निवडणुका आणि प्रतिनिधित्व याच विषयावर मी बरीच वर्षं संशोधन करतोय, विद्यार्थ्यांकडून करूनही घेतो. पहिल्या गावात तुम्ही जिथे अडलात, तिथे जवळजवळ प्रत्येक जण अडतो. अडचण गावात नाही, प्रश्नाच्या मांडणीत आहे. ‘नामधारी’ हा निष्कर्ष झाला, आणि तुम्ही तो पाहणी सुरू व्हायच्या आधीच काढून ठेवलाय.

तुमच्या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न दडलेत, ते आधी सुटे करू. खुर्चीवर कोण बसतं, निर्णय कोण घेतं आणि त्या निर्णयांमुळे गावातल्या बायकांच्या वाट्याला काही वेगळं येतं का. तिन्हींची उत्तरं एकाच दिशेने जातील असं मुळीच नाही. हॅना पिटकिन या अभ्यासिकेने १९६७ साली प्रतिनिधित्वाची जी फोड केली, ती इथे फार कामाला येते. एक, औपचारिक प्रतिनिधित्व: अधिकार कायदेशीर मार्गाने मिळाला का, आणि तो काढून घेता येतो का. दुसरं, साधर्म्याचं: प्रतिनिधी आपल्यासारखा आहे का. तिसरं, प्रतीकात्मक: त्याला तिथे बघून लोकांना काय वाटतं. चौथं, प्रत्यक्ष हिताचं: तो आपल्यासाठी काही करतो का. आरक्षणाने पहिली दोन थेट मिळतात. उरलेली दोन मिळतात की नाही, हा संशोधनाचा विषय आहे. तुमच्या पहिल्या गावात यजमान कारभार बघतात म्हणजे चौथ्या प्रकारात गडबड आहे असं फार तर म्हणता येईल, आणि तेही अजून तपासायचंय. तिसऱ्या प्रकाराबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

आता त्या यजमानांविषयी. हा प्रश्न आपण फक्त बायकांच्या बाबतीत विचारतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कित्येक गावांत पुरुष सरपंचही दुसऱ्याच कुणाच्या तरी शब्दाबाहेर नसतो. तो कुणी गटाचा नेता असतो, सोसायटीचा चेअरमन असतो, कधी मोठा भाऊ, कधी माजी सरपंच. राखीव जागेवर निवडून आलेला पुरुष सरपंच आणि गावातलं वजनदार घर यांचं नातं नीट पाहिलंत तर हे लगेच लक्षात येईल. पण त्या पुरुषाला कुणी ‘नामधारी’ म्हणत नाही, त्याला ‘अमक्याचा माणूस’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. तेव्हा ‘निर्णय कोण घेतं’ हे विचारायचं असेल तर दोन्ही प्रकारच्या गावांत, अगदी त्याच शब्दांत आणि तितक्याच खोदून विचारा. एवढी एक गोष्ट केलीत तरी तुमची प्रबंधिका या विषयावरच्या बऱ्याच लिखाणापेक्षा सरस होईल.

यानंतरचा मुद्दा तुलनेचा, आणि खरा कस तिथेच लागतो. ‘महिला सरपंचांची गावं विरुद्ध पुरुष सरपंचांची गावं’ अशी सरसकट तुलना केली तर ती फसते. खुल्या जागेवर बाई निवडून आली, तर ते गाव मुळातच वेगळं असण्याची शक्यता आहे. तिथे बचतगट मजबूत असतील, मुली जास्त शिकत असतील, किंवा एखाद्या घराण्याचा असा दबदबा असेल की घरातलं कुणीही उभं केलं तरी निवडून येईल. मग त्या गावात नळाचं पाणी चांगलं असेल, तर ते बाईंमुळे की गाव आधीपासूनच तसं होतं म्हणून? हे मुलाखतींतून कधीच उलगडत नाही. कितीही घेतल्या तरी नाही.

इथे आरक्षणाची सोडत आपल्या मदतीला येते. १९९२ची ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिने पंचायतींतल्या किमान एक तृतीयांश जागा आणि तितकीच प्रमुखपदं महिलांसाठी राखून ठेवली. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेलं. कोणत्या गावाचं सरपंचपद महिलेसाठी राखीव होणार, हे गाव किती पुढारलेलं आहे यावर ठरत नाही, सोडतीवर ठरतं. म्हणजे ज्या गावात चिठ्ठी निघाली आणि ज्या गावात निघाली नाही, ती गावं सरासरीने सारखीच असायला हवीत. पुढे त्यांच्यात फरक दिसला तर तो आरक्षणाचा म्हणता येतो. समाजशास्त्रांत इतकी स्वच्छ तुलना करायची संधी फार क्वचित मिळते. म्हणून तुमचे दोन गट ‘बाई सरपंच’ आणि ‘पुरुष सरपंच’ असे पाडू नका. ‘सोडतीत महिलेसाठी निघालेली गावं’ आणि ‘न निघालेली गावं’ असे पाडा. दुसऱ्या गटातल्या एखाद्या गावात खुल्या जागेवर बाई निवडून आली असेल, तरी ते गाव दुसऱ्याच गटात राहील. हे सुरुवातीला विचित्र वाटतं, पण सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. त्यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या २६५ ग्रामपंचायती पाहिल्या. त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे ‘बायकांना काय हवं असतं’ हे त्यांनी गृहीत धरलं नाही. बायका आणि पुरुष पंचायतीकडे कोणकोणत्या तक्रारी आणि मागण्या घेऊन जातात, याची त्यांनी आधी नोंद केली. पिण्याचं पाणी दोन्हीकडे बायकांच्या तक्रारींत वर होतं. रस्त्यांचं मात्र उलटसुलट निघालं: बंगालमध्ये रस्त्यांची तक्रार बायका पुरुषांपेक्षा जास्त करत होत्या, राजस्थानात कमी. राखीव पंचायतींनी पैसा कुठे घातला? बंगालमध्ये पाण्यावर आणि रस्त्यांवर जास्त, राजस्थानात पाण्यावर जास्त आणि रस्त्यांवर कमी. दोन राज्यांत रस्त्यांचा कल विरुद्ध आणि दोन्हीकडे तो त्या त्या ठिकाणच्या बायकांच्या मागणीशी जुळणारा, यामुळे तो निष्कर्ष पटतो. त्या सरपंचबाईंमध्येही अनेकींना अनुभव नव्हता, अनेकींच्या घरून ढवळाढवळ होत होती. तरीही फरक पडला. तुमच्या पहिल्या गावावरून निराश होण्याआधी हे ध्यानात ठेवा.

पण हीच रीत उचलून महाराष्ट्रात जशीच्या तशी लावता येत नाही. इथे काही खाचखळगे आहेत आणि ते पुस्तकांत सहसा सापडत नाहीत.

पहिला, प्रवर्गांचा. ‘महिला राखीव’ हा एकच गट नाही. अनुसूचित जाती महिला, अनुसूचित जमाती महिला, नागरिकांचा मागास प्रवर्ग महिला आणि सर्वसाधारण महिला, असे वेगवेगळे प्रवर्ग असतात. सगळ्या महिला-राखीव गावांची एकच मोट बांधून ती खुल्या गावांसमोर ठेवली, तर दिसणारा फरक बाईपणाचा की जातीचा, हे सांगता येणार नाही. तुमच्याकडे गावं मोजकीच आहेत, तेव्हा ‘सर्वसाधारण महिला’ आणि ‘सर्वसाधारण’ एवढीच तुलना करा. मागास प्रवर्गातल्या महिला सरपंचांचा प्रश्न खरं तर जास्त महत्त्वाचा आहे, पण त्यासाठी ‘अनुसूचित जाती महिला’ची तुलना ‘अनुसूचित जाती’शी करावी लागेल आणि तो वेगळा अभ्यास होईल. जातीनिहाय आरक्षणाबाबत निष्कर्षही इतके सरळ नाहीत. थॅड डनिंग आणि जान्हवी निलेकणी यांनी कर्नाटक, राजस्थान आणि बिहारमधल्या पंचायतींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे सरपंचपद राखीव झाल्याने लाभवाटपात फारसा फरक पडलेला दिसला नाही. पक्षांचे लागेबांधे जातीच्या रेषा ओलांडून जात होते, हे त्यांनी दिलेलं एक कारण. आपल्याकडचं गावपातळीवरचं गटाचं राजकारण पाहिलं की ते पटतं.

दुसरा खाचखळगा चक्रानुक्रमाचा. आरक्षण फिरतं असल्याने मागच्या वेळी महिलेसाठी राखीव असलेलं गाव पुढच्या सोडतीत इतरांच्या बरोबरीने येत नाही. म्हणजे आजची चिठ्ठी कालच्या चिठ्ठीपासून सुटी नसते. ज्या गावांचा मागच्या दोन-तीन मुदतींचा आरक्षणाचा इतिहास सारखा आहे, त्यांचीच आपसांत तुलना करा.

तिसरा खाचखळगा मी प्रत्येक विद्यार्थ्याला बजावून सांगतो, आणि तरीही तो प्रबंधांमध्ये राहून जातो. महाराष्ट्रात सरपंच निवडायची पद्धतच मधल्या काळात पुन्हापुन्हा बदलली आहे. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत आली. २०२० मध्ये ती रद्द होऊन सदस्यांमधून सरपंच निवडायची जुनी पद्धत परतली, आणि २०२२ मध्ये पुन्हा थेट निवडणूक आली. शेजारशेजारच्या दोन गावांच्या निवडणुका वेगळ्या वर्षी झाल्या असतील, तर एकीकडच्या सरपंचबाई गावभरच्या मतांवर निवडून आलेल्या असतील आणि दुसरीकडच्या सात-नऊ सदस्यांच्या बहुमतावर. दोघींचं बळ सारखं कसं असेल? थेट निवडून आलेल्या सरपंचाच्या विरोधात सदस्यांचं बहुमत असू शकतं. सदस्यांमधून आलेल्या सरपंचाला मुळात बहुमत लागतंच, आणि पुढेही ते सांभाळत बसावं लागतं. हा फरक बाई-पुरुष या फरकाइतकाच मोठा असू शकतो. त्यामुळे एकाच टप्प्यात, एकाच पद्धतीने निवडणूक झालेली गावं घ्या.

आणि यातच एक सोन्यासारखी संधी आहे. जानेवारी २०२१ मध्ये राज्यात १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींची निवडणूक झाली. त्या वेळी सरपंचपदाची सोडत मतदानानंतर काढायची असं सरकारने ठरवलं होतं. एरवी पद महिलेसाठी राखीव आहे हे आधीच माहीत असतं, त्यामुळे वजनदार घरं पद डोळ्यांसमोर ठेवून घरातल्या सुनेला किंवा पत्नीला उभं करतात. २०२१ मध्ये वॉर्डाच्या राखीव जागांवर तसं झालंही असेल, पण सरपंचपद कुठल्या प्रवर्गाकडे जाणार हे उभं राहताना कुणालाच माहीत नव्हतं. सदस्य आधी निवडून आले, चिठ्ठी नंतर निघाली आणि निवडून आलेल्या बायकांमधून सरपंच ठरली. सरपंचपदासाठी मुद्दाम उभ्या केलेल्या बायका आणि अशा अचानक पद मिळालेल्या बायका यांच्या कारभारात फरक पडतो का, हा प्रश्न अभ्यासकाने हावरेपणाने उचलावा असा आहे. तुमच्या तालुक्यांत ही गावं असतील तर मी तुमच्या जागी असतो तर तीच घेतली असती.

आता मोजायचं काय, याकडे येतो. सुरुवात मागण्यांपासून करा. गावातल्या बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळं भेटून विचारा की पंचायतीने सर्वांत आधी काय करावं. मग ग्रामपंचायत विकास आराखडा काढा आणि वित्त आयोगाचा निधी प्रत्यक्ष कशावर खर्च झाला ते बघा. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आराखडा आणि खर्च दोन्ही गावनिहाय सापडतात. पण पोर्टलवरच्या नोंदीवर थांबू नका. ‘पाणीपुरवठा दुरुस्ती’ अशी नोंद असते आणि प्रत्यक्षात पाइप एकाच वस्तीपर्यंत जाऊन थांबलेला असतो. तिथपर्यंत चालत जा.

ग्रामसभेचं इतिवृत्त जरूर वाचा, पण जपून. पानामागून पान ‘सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’ हेच वाक्य दिसेल. सूचक, अनुमोदक यांची नावं असतात. विरोध कुणी केला, बायका किती बोलल्या, हे त्यात नसतं. म्हणून निदान काही ग्रामसभांना स्वतः बसा आणि ठरावापेक्षा माणसांकडे बघा. प्रश्न आला की लोक कुणाकडे तोंड करून बोलतात? ग्रामसेवक फाइल कुणापुढे सरकवतो? एखादी बाई बोलायला उठली की सरपंच तिला नाव घेऊन बोलावते का? ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आपल्या कायद्यात आहे. ती खरंच भरली की रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या, हे बायकांनाच विचारा, त्या सरळ सांगतात.

निर्णय कोण घेतं हे जाणून घ्यायला मी एक प्रश्न हमखास वापरतो: डोंगल कुणाकडे असतो? आता निधीची ऑनलाइन देयकं सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल सहीशिवाय निघत नाहीत आणि ती सही एका छोट्या डोंगलमध्ये असते. ‘गावचे निर्णय तुम्हीच घेता का’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. ‘डोंगल कुठे ठेवता, मागचं बिल काढलं तेव्हा तुम्ही कुठे होतात’ असं विचारलं की खरं चित्र पुढे येतं. काही ठिकाणी तो पर्समध्ये असतो, काही ठिकाणी यजमानांच्या खिशात, आणि बऱ्याच ठिकाणी कार्यालयातल्या संगणकालाच लावलेला असतो. हा शेवटचा प्रकार पुरुष सरपंचांच्या गावांतही भरपूर दिसतो. ‘निर्णय कोण घेतं’ हे दोन्हीकडे विचारायला सांगितलं, ते यासाठी.

मुलाखत घरात घेऊ नका. घरात यजमान उत्तरं देणार आणि बाई चहा आणायला आत जाणार, हे ठरलेलं. त्याऐवजी सरपंचबाईंना म्हणा, ‘तुमच्या काळात झालेलं एखादं काम दाखवाल का?’ आणि त्यांच्याबरोबर चाला. एकदा अशाच एका बाई, घरात तोंडातून शब्द न काढणाऱ्या, टाकीपाशी पोचल्यावर व्हॉल्व्ह कुठल्या वस्तीला किती वेळ उघडायचा, त्यावरून कोण भांडलं आणि त्यांनी ते कसं मिटवलं, हे सलग सांगत राहिल्या. यजमानांना त्यातलं निम्मंही ठाऊक नव्हतं. कागदोपत्री कारभार ते बघत होते, पाण्याचा कारभार बाई बघत होत्या. तुमच्या प्रश्नावलीत ‘निर्णय कोण घेतं’ असा एकच रकाना असेल तर हे निसटणार. पैसा, पाणी, भांडणतंटा, तालुक्याच्या कार्यालयातली कामं असे रकाने वेगळे करा. आणि मुदतीच्या पहिल्या वर्षी घेतलेली मुलाखत आणि चौथ्या वर्षी घेतलेली मुलाखत यांची सरमिसळ करू नका. मधल्या काळात बाई पुष्कळ शिकतात.

वेळेचा मुद्दा आणखी एका अर्थाने मोठा आहे. आरक्षणाचा परिणाम बघायला आरक्षण संपल्यानंतरचं गाव बघावं लागतं. रिखिल भवनानी यांनी मुंबई महापालिकेचा असा अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९७ मध्ये जे प्रभाग महिलांसाठी राखीव होते आणि २००२ मध्ये खुले झाले, तिथे बाई निवडून येण्याची शक्यता आधी राखीव नसलेल्या प्रभागांच्या तुलनेत सुमारे पाचपट निघाली. एकदा निवडून आलेल्या काही जणींनी स्वतःची ताकद कमावली होती आणि बाई जिंकू शकते हे पक्षांनाही कळलं होतं. बंगालमध्ये लोरी बीमन आणि सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना एकच भाषण कधी पुरुषाच्या, कधी बाईच्या आवाजात ऐकवलं. जिथे महिला प्रमुख कधीच झाली नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या पुढाऱ्याला कमी लेखलं. जिथे गावाने महिला प्रमुख अनुभवली होती तिथे हा फरक उरला नाही. पुरुष पुढारीच बरा, ही आवड मात्र तशीच राहिली. आवड टिकून राहते आणि कर्तबगारीबद्दलचा समज बदलतो, हे पिटकिन यांच्या तिसऱ्या प्रकारात मोडतं, आणि ते यजमानांच्या खिशातल्या डोंगलवरून कळणार नाही. तुमच्या तालुक्यांत मागच्या मुदतीत महिला-राखीव असलेली आणि आता खुली झालेली गावं शोधा. तिथे किती बायकांनी अर्ज भरले, एवढं पाहिलंत तरी एक प्रकरण उभं राहील. शहरांकडे वळायचा मोह झाला तर एक लक्षात घ्या: २०२२ पासून काही वर्षं मुंबईसह अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक होते, त्यामुळे सलग मुदतींची तुलना तिथे तुटते.

दहा-बारा गावं पुरतील का, हे तुम्हाला काय सिद्ध करायचंय त्यावर अवलंबून आहे. आरक्षणामुळे पाण्यावरचा खर्च वाढतो असं ठामपणे म्हणायचं असेल तर पुरणार नाहीत. चिठ्ठी गावाची निघते, म्हणून तुमचं एकक गाव आहे. दोन गावांत दोनशे मुलाखती घेतल्या तरी तुलना दोनच गावांची राहते. पण निर्णय कसे होतात, बाई कुठे शिरकाव करते, कुठे अडते, हे दाखवायला सहा गावंही भरपूर आहेत, नीट जोड्या लावून निवडली तर. एकट्याने, एका वर्षात आणि पदरच्या पैशांनी करायचं असेल तर मी दुसरा मार्ग घ्यायला सांगेन. दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या गावांचं आरक्षण आणि खर्च पोर्टलवरून आणि कार्यालयातून गोळा करून एक साधा तक्ता करा आणि त्यातून निवडलेल्या सहा गावांत मुक्काम टाका.

सुरुवात तहसील कार्यालयापासून करा. सोडतीचं इतिवृत्त आणि मागच्या तीन मुदतींच्या सरपंच आरक्षणाच्या याद्या मागा. मिळाल्या नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, आणि तो आजच टाका, कारण उत्तराची मुदत तीस दिवसांची असली तरी अपिलात महिने जातात. तिथेच सरपंचांवरच्या अविश्वास ठरावांची नोंदही मागून घ्या. महिला सरपंचांवर ते जास्त येतात का, कुठल्या वर्षी येतात आणि आणणारे कोण असतात, यातून गावातली सत्ता कुणाच्या हातात आहे ते मुलाखतीपेक्षा लवकर कळतं. स्थानिक निवडणुकांचे निकाल भारत निवडणूक आयोगाकडे शोधू नका, ते राज्य निवडणूक आयोगाचं काम आहे. प्रबंधिकेत गावांची आणि सरपंचांची नावं बदला. लहान तालुक्यात ‘या गावच्या सरपंचबाई’ एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं, आणि डोंगल यजमानांच्या खिशात असतो हे ज्या बाईने तुम्हाला विश्वासाने सांगितलं, तिला त्याच घरात राहायचंय. याद्या हाती आल्या की तक्ता करून इथे टाका, गावांच्या जोड्या कशा लावायच्या ते बघू.